आमच्या शेवंतीचा भाद्रपद संपेना

दि. २२ डिसेंबर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडी पडली की आपल्या पहिल्या पानावर निफाड असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला त्याचा आकडा, शेजारी शेकोटीभोवती कानटोप्या घालून बसलेली माणसं, नाहीतर द्राक्षाच्या पानावर गोठलेलं दव. दरवर्षी तेच. त्यात तक्रार काही नाही; त्या निमित्ताने आमच्या तालुक्याचं नाव मुंबईपर्यंत पोहोचतं आणि तिकडची माझी लेक सकाळी सातला फोन करून "आई, स्वेटर घातलास का?" असं विचारते. पाऱ्याची काळजी घ्यायला एवढी माणसं आहेत, म्हणून मी आज अंधाराची बाजू मांडायला बसले आहे.

आमच्या घरामागे सव्वा गुंठ्याचं परस आहे. घर गावाच्या अगदी टोकाला, मळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. परसाच्या एका अंगाला हा रस्ता आणि कमरेइतकी भिंत, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचं वावर. सासूबाईंनी लावलेला पारिजातक, मी लावलेला पेरू, एक लिंबू, कढीपत्ता, तुळस, वालाचा मांडव, हौदाच्या सांडपाण्यावर अळू आणि हळद, आणि भिंतीच्या कडेने शेवंती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, निवृत्त होऊन सात झाली. आता सकाळचा चहा परसात आणि आपला अंक मांडीवर.

परस पावसाळ्यातून हिवाळ्यात जातं ते काही एका रात्रीत जात नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस पाय काढता घेतो आणि मग जे ऊन तापतं त्याला आपण मराठीतसुद्धा ऑक्टोबर हीटच म्हणतो. जमिनीला भेगा. अळवाने दुपारी माना टाकलेल्या. दोडक्या-कारल्याचे वेल पिवळे पडून मांडवावर नुसत्या काड्या उरलेल्या. कोजागरी ते दिवाळी या पंधरा दिवसांत आमचं परस अगदी कळाहीन दिसतं. त्या दिवसांत घरी कोणी येऊ नये असं मला वाटतं, आणि पाहुणे नेमके तेव्हाच येतात.

मग एका पहाटे तुळशीच्या कट्ट्यावर हात टेकावा तर तो ओला लागतो. दहिवर पडलेलं असतं. त्या दिवसापासून माझं मोजणं सुरू होतं. पारिजातकाचा सडा आखडत जातो. नवरात्रात दोन ओंजळी, दिवाळीला मूठभर, तुळशीच्या लग्नाला मोजून अकरा फुलं. मोगरा तर कधीच गप्प झालेला, निशिगंधाच्या काड्याही थांबतात. तोंडलीचा वेल पानं टाकतो, तो मी बुडापर्यंत छाटते आणि फेब्रुवारीपर्यंत त्याच्याकडे बघत नाही. हळदीची पानं कडेकडेने पिवळी होतात. कढीपत्त्याला नवा कोंब म्हणून फुटत नाही. फोडणीला चार पानं तोडायची तरी चोरल्यासारखं वाटतं.

आणि ह्याच दिवसांत वाफे जागे होतात. धने चपलेखाली रगडून दोन फाका करायचे आणि पेरायचे. मेथी चौथ्या दिवशी वर येते, कोथिंबीर दहा दिवस तोंड दाखवत नाही. थंडी लवकर आली तर पंधरा. लसणाच्या पाकळ्या न सोलता, टोक वर करून रोवायच्या. मुळा, चुका, दोन सऱ्या टोमॅटो. पेरूच्या फांद्या फळांनी वाकायला लागतात. भिंतीवर थिरथिरा येऊन शेपटी थरथरवतो. चिमणीएवढा काळपट पक्षी, पोट आणि शेपटी विटकरी. दसऱ्याच्या आगेमागे येतो, उन्हं तापली की जातो. नांदूर मध्यमेश्वर आमच्याहून फार लांब नाही. २०२० साली ते रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच, तेव्हापासून गाड्या भरून लोक तिकडे बदकं बघायला जातात. माझा पाहुणा भिंतीवर येऊन बसतो, त्याला दुर्बीणही लागत नाही.

पण आमच्या परसात हिवाळा आला हे शिक्कामोर्तब करणारे दोघंच: शेवंती आणि वाल.

शेवंती सासूबाईंच्या माहेरची. बारीक पाकळीची, पिवळी, देशी. फुलं संपली की झाड जमिनीसपाट कापायचं. बुडातून काश्या फुटतात, त्या उन्हाळाभर जगवायच्या आणि पावसाच्या तोंडावर सुट्ट्या करून लावायच्या. माझं लग्न झाल्यापासून ही साखळी तुटलेली नाही. दिवाळीत कळी धरते, मार्गशीर्षात उमलते. गुरुवारच्या घटासाठी शेवंती बाजारात काय भावाने जाते ते आपल्या वाचक भगिनींना मी सांगायला नको. आमच्या भिंतीवरून अख्खी आळी फुलं तोडून न्यायची, मला न विचारता, आणि मला ते आवडायचं.

वालाचंही तसंच. आषाढात बी टोचायचं. सगळा पावसाळा तो नुसती पानं वाढवतो, मांडव झाकून टाकतो, नवख्या माणसाला वाटावं की हा काही देणार नाही, उपटून टाका. कार्तिक लागला की पानांच्या वर तुरे उभे राहतात, जांभळट-पांढरे, आणि पंधरवड्यात शेंगा. त्यावर मावा बसतो, विशेषतः आभाळ आलं की. त्याला चुलीची चाळलेली राख. भोगीच्या भाजीला आमच्या घरात विकतचा वाल कधी आला नव्हता.

गेल्या वर्षी पहिल्यांदा आला.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी पितृपक्षात ग्रामपंचायतीने रस्त्याच्या खांबावर एलईडीचा मोठा फोकस बसवला. ह्याला कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडे बिबट्या आता गावकरीच झाला आहे. उसात राहतो, उसात पिल्लं घालतो आणि कारखान्यांची तोड सुरू झाली की उघड्यावर पडतो. त्याच्या आदल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांचं वासरू त्याने गोठ्यातून ओढून नेलं. शेतीची वीज रात्रपाळीची असली की माणसं मोटार चालू करायला रात्री दोनला ह्याच रस्त्याने जातात, हातात बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने भजनं लावून. तेव्हा दिवा लागला त्या रात्री पेढे वाटणाऱ्यांत मीही होते, हे प्रामाणिकपणे सांगते.

दिवा असा की तुळशीपाशी उभं राहून रात्री अकराला आपला अग्रलेख वाचता येतो. मी वाचून पाहिला आहे. (बरा होता.)

दिवाळी आली, शेवंतीला कळी नाही. म्हटलं, पाऊस लांबला, उशीर होणार. तुळशीचं लग्न झालं, तरी कळी नाही. झाडं मात्र अशी तरारली की माझ्या कमरेला लागली. हिरवीगार, पानापानावर तेज. आमचे हे म्हणाले, "नत्र जास्त झालं, शेणखत टाकणं बंद कर." शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. मी मावा शोधला, कोळी शोधला, बुडं उकरून हुमणी शोधली. निंबोळी अर्क मारला. दुकानातून फुलं धरण्याचं टॉनिक आणलं, चारशे रुपये. मार्गशीर्षाचे गुरुवार एकामागून एक गेले आणि मी घटाला विकतची शेवंती वाहिली, तीही कडांनी सुकलेली. पौषात मांडवाकडे पाहिलं तर वालाचीही तीच गत. घराकडच्या बाजूला शेंगांचे घोस, रस्त्याकडच्या बाजूला नुसता पाला. भोगीला किलोभर वालपापडी बाजारातून आणली, कारण घरची पुरली नाही.

संक्रांतीला भाचा तिळगूळ घ्यायला आला. त्याचं दिंडोरीकडे फुलांचं पॉलिहाऊस आहे. तो परसात गेला, शेवंतीपुढे उभा राहिला आणि हसायलाच लागला.

"मामी, तुमच्या शेवंतीचा अजून भाद्रपदच चालू आहे."

मला वाटलं टिंगल करतोय. त्याने खांबाकडे बोट दाखवलं. "आम्ही बिलं भरून जे करतो ते ग्रामपंचायत तुम्हाला फुकटात करून देतेय."

मग त्याने समजावलं. पॉलिहाऊसमध्ये शेवंती लावली की सुरुवातीचे काही आठवडे ते रात्री दिवे लावतात, मुद्दाम, तिला कळी धरू नये आणि दांडा लांब व्हावा म्हणून. दांडा मनासारखा झाला की दिवे बंद आणि दिवस मोठे असतील तर संध्याकाळपासून वर काळं कापड. मग ती कळी धरते. शेवंती फुलते ती थंडी वाजली म्हणून नव्हे. रात्र पुरेशी लांब झाली, हे तिच्या पानांना कळलं की फुलते. ड्रॅगन फ्रूटवाले त्याच्या बरोबर उलट करतात. त्याला मोठे दिवस लागतात, म्हणून हिवाळ्यात त्याच्या बागेत रात्री बल्बांच्या माळा लावतात, बिगरहंगामी फळ घ्यायला. रात्रीच्या प्रवासात अशी लग्नमांडवासारखी झगमगलेली शेतं आपल्या वाचकांनीही पाहिली असतील.

मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं फळ्यावर सूर्य, पान आणि बाण काढून प्रकाशसंश्लेषण शिकवलं. झाडाला उजेड लागतो, हे पोरांकडून घोकून घेतलं. झाडाला अंधारही लागतो, हे एकदाही सांगितलं नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं. मग मिळेल ते वाचलं. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड ह्या दोघांनी हे छापून जगापुढे आणलं. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती, मेरिलँड मॅमथ. उन्हाळ्यात ताडमाड वाढायची पण फुलायची म्हणून नाही, आणि हिवाळ्यात काचघरात ठेवली की फुलायची. त्यांनी ती तंबाखू आणि सोयाबीनची कुंड्यांतली रोपं दुपारपासून एका अंधाऱ्या खोक्यात कोंडायला सुरुवात केली, भर उन्हाळ्यात. रोपं फुलली. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या त्या गोखरूवर प्रयोग केले आणि आणखी एक गाठ सोडवली: झाड दिवस मोजत नाही, सलग रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी त्याचा हिशेब मोडतो आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं.

आमच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण २० अंश उत्तरेला, जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि आजचा सुमारे अकरा तासांचा. फरक अवघा सव्वादोन तासांचा. तो आपल्याला जाणवतसुद्धा नाही, आपण बटण दाबून दिवस हवा तेवढा लांबवतो. शेवंती आणि वाल एवढ्याशा फरकावर वर्षाचं पंचांग चालवतात. तेव्हापासून मी आपल्या अंकातली सूर्योदय-सूर्यास्ताची ती बारीक अक्षरांतली चौकट अग्रलेखाच्या आधी वाचते, रागावू नये. त्यात एक गंमत सापडली. वर्षातला सगळ्यात लहान दिवस आज असला तरी सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी. तेव्हा आमच्याकडे सहाला आठ-दहा मिनिटं असतानाच दिवेलागण होते. आज तो त्याहून सात-आठ मिनिटं उशिरा मावळेल. उजाडणं मात्र मागे मागे जात राहतं, पार जानेवारीच्या मध्यापर्यंत. पहाटे उठून बंब पेटवणाऱ्या बायकांना हे कोणी सांगायला नको.

ह्या वर्षी मी प्रयोग केला. शिक्षिकेची खोड जात नाही. एकाच आईच्या काश्यांच्या सहा कुंड्या भिंतीलगत ओळीने मांडल्या. तीन उघड्या. तीन कुंड्यांवर बांबूच्या कामट्यांची चौकट केली आणि सासऱ्यांची जुनी काळी घोंगडी बाहेर काढली. दसऱ्यापासून रोज संध्याकाळी सहाला घोंगडी टाकायची, सकाळी सातला काढायची. हे काम नातवाकडे. तो पाचवीत आहे आणि त्याच्याकडे एक वही आहे, तिच्यावर त्याने "गुप्त" असं लिहिलं आहे. दिवाळीत दोन रात्री घोंगडी टाकायची राहिली, फटाक्यांच्या नादात; तेही त्याने वहीत लिहिलं आहे, वर "चूक आजीची" असं, जे खरं नाही.

वसुबारसेच्या सकाळी तो ओरडत आला. घोंगडीखालच्या मधल्या कुंडीत शेंड्याला बारीक, हिरवं, चपटं बटण दिसत होतं. मोहरीपेक्षा थोडं मोठं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पान असतं तर त्याला टोक असतं, ह्याला नव्हतं. उघड्या कुंड्यांत शेंड्यातून नवं पान डोकावत होतं, त्याच्या मागे आणखी एक पान.

चंपाषष्ठीला वांग्याच्या भरिताचा आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य दाखवला, तेव्हा घोंगडीखालच्या तिन्ही कुंड्या पिवळ्या झाल्या होत्या. वहीतली नोंद: झाकलेल्या ४७, ३९, ५२, उघड्या ०, ०, १. ते एक फूल कुठून आलं ह्याने नातू दोन दिवस बेचैन होता. शेवटी रात्री जाऊन पाहिलं, तर ती फांदी कुंडीच्या मागे वाकून भिंतीच्या बुडाशी, सावलीत गेली होती.

वालाने तर न सांगता प्रयोग करून ठेवला होता. आमच्या न्हाणीघराच्या छतावर पाण्याची काळी टाकी आहे. कार्तिकातल्या एका रात्री वीज गेली, मग आली, आणि फोकस एकदम पेटला तेव्हा मला पहिल्यांदा टाकीची सावली मांडवावर दिसली: गोल खांद्यांची, बुटकी, वर झाकणाची टोपी. सकाळी स्टूल घेऊन चढले. सावली पडत होती तिथे तुरेच तुरे, उजेड पडत होता तिथे पाला. मधली सीमा अशी, की वेताची छडी ठेवून रेघ मारता यावी. टाकीचं झाकणसुद्धा ओळखू येत होतं, शेंगांमध्ये. हे आमच्या ह्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी बराच वेळ काही न बोलता पाहिलं आणि मग म्हणाले, "शेणखत पुन्हा चालू कर."

हे फुलांपुरतंच असतं तर मी आपल्याला तसदी दिली नसती. रस्त्यापलीकडे शेजाऱ्यांचं सोयाबीन होतं. दसऱ्याला सगळं वावर पिवळं पडून पानगळ झाली, सोंगणीला आलं, आणि दिव्याच्या बाजूचा दहा-बारा पावलांचा पट्टा हिरवागारच राहिला, शेंगा पोचट. त्यांनी तो वैरणीला कापला. त्यांना वाटलं, बियाण्यात भेसळ झाली. दुकानदाराशी भांडूनही आले बिचारे. सगळ्याच पिकांना ह्या दिव्याची बाधा होते असंही नाही, उगाच घबराट नको. टोमॅटो, वांगी, मिरची ह्यांना रात्र किती तासांची ह्याचं सोयरसुतक नसतं. माझ्या उजेडातल्या दोन सऱ्या टोमॅटो झकास आहेत.

ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन गेले. तिथल्या एका सद्‌गृहस्थांनी, जे माझे विद्यार्थी होते, उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि अर्ज वाचून विचारलं, "बाई, फुलांसाठी लाइट बंद करायचा का? उद्या बिबट्या आला तर?" शेजारी बसलेले हसले. मी त्यांना दोष देत नाही. अर्जाचा विषयच मी चुकीचा लिहिला होता, "दिव्याचा त्रास होत असल्याबाबत". असा विषय वाचला की माणूस आधी हसणार किंवा आधी चिडणार.

म्हणून इथे नीट लिहिते. मला दिवा हवा आहे. रस्त्यावर हवा आहे. तो माझ्या परसात, शेजाऱ्यांच्या वावरात आणि समोरच्या चिंचेवरच्या बगळ्यांच्या डोळ्यांत कशाला? फोकस खांबावर असा बसवला आहे की त्याचं तोंड समोर आहे, खाली नाही. निम्मा उजेड रस्त्याबाहेर सांडतो. बिबट्या काही आमच्या मांडवावरून चालत येत नाही. येतो तो रस्त्याकडेच्या उसातून. तोंड खाली वळवलं आणि वरून बाजूंना पत्र्याची टोपी बसवली, तर तेवढाच दिवा रस्त्यावर आणखी लख्ख पडेल आणि भिंतीच्या अलीकडे अंधार राहील. कमी वॅटचाही पुरेल कदाचित, बिल वाचेल. पिवळा दिवा लावा, असं मला दोघांनी सुचवलं. डोळ्यांना तो बरा वाटतो हे खरं, पण शेवंतीची रात्र मोडते ती मुख्यतः उजेडातल्या लाल भागाने, आणि तो पिवळ्या दिव्यातही असतोच. तेव्हा रंग बदलून भागणार नाही, दिशा बदलायला हवी.

वायरमन दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याच्याकडे शिडी नव्हती. दुसऱ्यांदा शिडी होती, पण क्लॅम्प गंजला आहे, पाना लागत नाही म्हणाला. भला मुलगा आहे. जाताना झाकलेल्या कुंडीतली दोन फुलं बायकोसाठी मागून घेऊन गेला.

आपल्या वार्ताहरांना एकच विनंती. पारा उतरला की ते कॅमेरा घेऊन निफाडला येतातच. या वेळी शेकोटीचा फोटो काढून झाला की रात्री आठ-साडेआठला गावोगावच्या कडेचे रस्ते फिरावेत आणि नवे फोकस कुठे तोंड करून बसवलेत तेवढं पाहावं. खांबाखालच्या घरांत विचारावं, यंदा शेवंती फुलली का. पुष्कळ ठिकाणी बाया सांगतील की नाही फुलली, दृष्ट लागली. माझ्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ती चहा देणारी माणसं माझीच आहेत आणि तो दिवा लावला तेव्हा त्यांच्या मनात चांगलंच होतं.

भोगी तीन आठवड्यांवर आली. या वर्षी टाकीच्या सावलीतला वाल तेवढा भाजीपुरता निघेल असा अंदाज आहे. आळीत द्यायला पुरणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली रोजची वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
ता. निफाड, जि. नाशिक

ता. क. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा कापून टोपी तयार करून ठेवली आहे. आतून नातवाने पांढरा रंग दिला, उजेड खाली पडावा म्हणून. क्लॅम्प ह्यांनी पिंपळगावहून आणला. शिडी आता आमचीच आहे. फक्त खांबावर चढायची परवानगी हवी आहे, त्यासाठीचा दुसरा अर्ज उद्या देते. विषय या वेळी "बिबट्याच्या बंदोबस्तासाठी दिव्याची दिशा सुधारण्याबाबत" असा लिहिला आहे.